तेच डोपामिन, पत्ता वेगळा

पार्किन्सन्सची गोळी सुरू झाली की पहिले काही दिवस बऱ्याच जणांना मळमळतं. आणि मळमळ थांबवणारी एक जुनी, स्वस्त, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारी गोळी दीर्घकाळ घेत राहिलं तर धडधाकट माणसाचेही हात कापायला लागतात, चाल मंदावते, चेहरा निर्विकार दिसू लागतो. म्हणजे पार्किन्सन्सचीच लक्षणं. या दोन्ही प्रकारांच्या मुळाशी एकच रसायन आहे, डोपामिन.

हल्ली रील्स बघून बघून ‘डोपामिन म्हणजे आनंद’ एवढंच डोक्यात बसलेलं असतं. ते फार तर पाव खरं आहे. डोपामिन मेंदूच्या कुठल्या भागात पाझरतं, यावर ते काय करणार हे ठरतं. एका ठिकाणी त्याच्यावर चालणं अवलंबून असतं, दुसरीकडे उलटी, तिसरीकडे हाव आणि चौथीकडे चक्क आईचं दूध. मेंदूवरच्या औषधांच्या चिठ्ठीत दुष्परिणामांची जी लांबलचक यादी असते, तिच्यातली बरीचशी या पत्त्यांवरून उलगडते.

तेव्हा आधी थोडा नकाशा. मोठ्या माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा असतो. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण आपण नुसते पडून असलो तरी शरीराच्या एकूण ऊर्जेतला पाचवा हिस्सा तो खातो. त्यात सुमारे ८६०० कोटी चेतापेशी, म्हणजे न्यूरॉन्स असतात. गंमत अशी की यातल्या जवळजवळ चार पंचमांश मागच्या बाजूच्या लहान मेंदूत दाटीवाटीने बसलेल्या असतात. तोल आणि हालचालींतला नेमकेपणा हे त्याचं काम. वरचा सुरकुत्यांचा मोठा मेंदू विचार, भाषा, स्मृती, स्पर्श, दृष्टी सांभाळतो. खाली मेंदूचा देठ, म्हणजे मस्तिष्कस्तंभ. श्वास, हृदयाचे ठोके, गिळणं, उलटी ही कामं तिथून चालतात.

शाळेतली आकृती इथे संपते आणि आपल्याला हवा तो भाग तिच्यात नसतो. मोठ्या मेंदूच्या सुरकुत्यांच्या आत, अगदी पोटात, करड्या पेशींचे काही गट दडलेले आहेत. त्यांना बेसल गँग्लिया म्हणतात आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या गटाला स्ट्रायटम. अनेक शक्य हालचालींमधून आत्ता कुठली सुरू करायची आणि कुठल्या दाबून ठेवायच्या, याची निवड इथे होते. खुर्चीतून उठताना आपण ‘आता गुडघा सरळ करू’ असा विचार करत नाही, ते या पेशींमुळे. आणि हा सगळा कारभार चालू ठेवणारं डोपामिन खालून येतं. मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या टोकाला, डाव्या-उजव्या बाजूला, एक एक काळी रेघ असते. शवविच्छेदनात ती नुसत्या डोळ्यांना दिसते. तिचं नाव सबस्टॅन्शिया नायग्रा. तिथल्या पेशींत गडद रंगद्रव्य असतं म्हणून ती काळी. या डोपामिन बनवणाऱ्या पेशी काही लाखांच्याच घरात आहेत. ८६०० कोटींपुढे किस झाड की पत्ती! पण त्यातल्या एकेका पेशीचे तंतू स्ट्रायटममध्ये जाऊन अफाट पसरतात, त्यामुळे एवढ्याशा पेशी सगळ्या शरीराच्या हालचालींना पुरतात.

पार्किन्सन्समध्ये याच पेशी मरत जातात. ती काळी रेघ फिकी पडते. वाईट म्हणजे हे बरीच वर्षं कळतच नाही. उरलेल्या पेशी ओढूनताणून काम भागवतात आणि निम्म्याच्या आसपास पेशी गेल्यावर कुठे हाताचं कापणं, ताठरपणा, मंदपणा दिसू लागतो. वास न येणं, बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणं, ओरडणं ही लक्षणं कधी कधी त्याच्याही कित्येक वर्षं आधी येतात. तेव्हा त्यांचा संबंध मेंदूशी असेल हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ मध्ये ज्या सहा जणांच्या निरीक्षणावरून या आजाराचं वर्णन लिहिलं, त्यातले काही त्यांनी नुसते रस्त्याने जाताना पाहिले होते. आजाराची चाल आणि उभं राहण्याची ढब इतकी ठळक असते.

आता पेशी एकमेकींशी बोलतात कशा? एका पेशीच्या आत संदेश विजेच्या लहरीसारखा पळतो. पण दोन पेशींच्या मध्ये बारीकशी फट असते. ही फट ओलांडताना काय होतं यावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शास्त्रज्ञांत चांगलीच जुंपली होती. काहींच्या मते तिथेही वीजच, काहींच्या मते रसायन. १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर अगदी साधा प्रयोग केला. एका हृदयाला मंद करणारी नस उत्तेजित केली, त्याच्याभोवतीचं द्रावण घेतलं आणि दुसऱ्या हृदयावर सोडलं. त्या दुसऱ्या हृदयाच्या नसेला हातही लावलेला नव्हता, तरी तेही मंदावलं. म्हणजे द्रावणात काहीतरी उतरलं होतं. ते ॲसिटिलकोलिन. १९३६ चं नोबेल लोवी आणि हेन्री डेल यांना मिळालं, ते या शोधमालिकेसाठी.

अशा रसायनांना न्यूरोट्रान्समीटर म्हणतात. पेशीच्या टोकाशी ती बारीक पिशव्यांत भरून ठेवलेली असतात. संदेश आला की पिशवी फुटते, रसायन फटीत सांडतं, समोरच्या पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे ते रसायन ओळखणाऱ्या जागेला, चिकटतं आणि तिला चेतवतं किंवा शांत करतं. मग लगेच साफसफाई: उरलेलं रसायन पहिली पेशी परत ओढून घेते, किंवा एखादं एन्झाइम त्याचे तुकडे करतं. मेंदूवरची बहुतेक औषधं या चार-पाच पायऱ्यांपैकी कुठल्या तरी एकीत हात घालतात. कच्चा माल पुरवतात, पिशव्या रिकाम्या करतात, रिसेप्टरवर स्वतः जाऊन बसतात किंवा साफसफाई रोखतात. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं औषधशास्त्र झालं.

पिशव्या रिकाम्या करणाऱ्या औषधाची गोष्ट आपल्या घरातली आहे. सर्पगंधा. तिची मुळी आपल्याकडे झोप आणि वेड या दोन्हींसाठी शतकानुशतकं वापरात होती. १९३१ मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्याबद्दल आधुनिक वैद्यकाच्या भाषेत लिहिलं: रक्तदाब उतरतो, उन्माद शमतो. मग मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरचा आपला अभ्यास १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला आणि पाश्चात्त्य जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीने तिच्यातलं रेसरपिन, म्हणजे या पिशव्या रिकामं करणारं द्रव्य, वेगळं काढलं. ते जगभर वापरलं गेलं, आणि मग डॉक्टरांच्या लक्षात येऊ लागलं की जास्त मात्रेवरचे काही रुग्ण पार्किन्सन्स झाल्यासारखे ताठर आणि मंद होतायत.

त्याचं कारण स्वीडनमध्ये सापडलं. अर्विद कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिलं. ससे कान पाडून निपचित पडले. मग त्यांनी त्यांना डोपा टोचलं, म्हणजे ज्याच्यापासून शरीर डोपामिन बनवतं तो कच्चा माल. थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. हे १९५७ साल. तोवर डोपामिनला कुणी फारसं विचारत नव्हतं. नॉरॲड्रेनलिन नावाचं दुसरं रसायन तयार होतानाचा मधला टप्पा, एवढीच त्याची किंमत. पुढे व्हिएन्नामध्ये ओलेह हॉर्निकिविझ यांनी पार्किन्सन्सने मरण पावलेल्यांचे मेंदू तपासले आणि १९६० मध्ये दाखवून दिलं की त्यांच्या स्ट्रायटममध्ये डोपामिन जवळपास संपलेलं असतं. दुसऱ्याच वर्षी वाल्टर बिर्कमायर यांच्या रुग्णांना शिरेतून लेवोडोपा, म्हणजे त्याच डोपाचं औषधी रूप, देण्यात आलं. अंथरुणाला खिळलेली माणसं उठून बसली, उभी राहिली, काही चालली. काही तासांसाठीच. कार्लसन यांना नोबेल मिळायला मात्र २००० साल उजाडलं. मुंबईच्या डॉ. वकिलांचं संशोधन या साखळीतली एक कडी आहे, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही, याचं मला जरा वाईटच वाटतं.

इथे कुणीही विचारेल: डोपामिन कमी आहे ना, मग सरळ डोपामिनच द्या की! आयसीयूत डोपामिनचं इंजेक्शन असतंही, पण ते रक्तदाब सावरण्यासाठी. मेंदूत ते पोचतच नाही. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातलं वाट्टेल ते आत झिरपू शकत नाही. डोपामिनला तिथे प्रवेश नाही. लेवोडोपाला आहे, कारण ते अमिनो आम्ल आहे आणि अमिनो आम्लं आत नेणारी खास वाहक प्रथिनं त्या भिंतीत असतात. लेवोडोपा त्या वाटेने आत शिरतं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं.

अडचण एकच. लेवोडोपाचं डोपामिन करणारं एन्झाइम आतड्यात आणि इतर अवयवांतही भरपूर आहे. त्यामुळे गिळलेल्या गोळीतला अगदी थोडा भाग मेंदूपर्यंत पोचतो, बाकीच्याचं बाहेरच डोपामिन होतं. आणि हे बाहेरचं डोपामिन उलटीच्या ठिकाणी जाऊन धडकतं. मस्तिष्कस्तंभाच्या खालच्या भागात एक जागा अशी आहे की तिथे ती घट्ट भिंत जवळजवळ नाहीच. रक्तात काही विषारी आलं तर ते हुंगून उलटी काढायची, हे तिचं काम; भिंत असती तर ते जमलंच नसतं. तिथे डोपामिनचे रिसेप्टर आहेत. म्हणून मळमळ.

१९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियस यांनी मात्रा अगदी हळूहळू वाढवत तोंडावाटे डोपा देऊन दाखवलं, तेव्हा रुग्णांना रोज कित्येक ग्रॅम औषध लागायचं. मग जोडीला कार्बिडोपा आलं. ते बाहेरच्या एन्झाइमला रोखतं आणि स्वतः मेंदूच्या भिंतीपलीकडे जात नाही. म्हणजे बाहेर डोपामिन बनणं कमी, आत बनणं चालू. मात्रा एकदम खाली आली, मळमळही. आपल्याकडे सिंडोपा ११० लिहिलेली स्ट्रिप मिळते, तिच्यातल्या गोळीत १०० मिलिग्रॅम लेवोडोपा आणि १० मिलिग्रॅम कार्बिडोपा असतं. २७५ मध्ये २५० आणि २५.

आता उलटीच्या गोळीचं कोडं सुटतं. सुरुवातीला सांगितलेली ती जुनी, स्वस्त गोळी म्हणजे मेटोक्लोप्रामाइड. ते उलटीच्या जागेवरचे डोपामिनचे रिसेप्टर अडवतं, म्हणून मळमळ थांबते. पण ते भिंत ओलांडून आतही जातं आणि स्ट्रायटममधलेही तेच रिसेप्टर अडवतं. तरुण मुलामुलींत तर एखाददुसऱ्या डोसनंतरही मान वाकडी होणं, डोळे वर जाऊन अडकणं असं घडू शकतं. घरचे घाबरून जातात. योग्य इंजेक्शन दिलं की बहुधा थोड्याच वेळात सुटतं. पार्किन्सन्सच्या रुग्णाला ही गोळी टाळतात. डोम्पेरिडोनही डोपामिनच अडवतं, पण मेंदूत फारसं शिरत नाही, म्हणून त्यांच्यासाठी सहसा ते निवडतात. अर्थात हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो, तेव्हा तेही डॉक्टरांना विचारूनच.

वाहक प्रथिनांचा विषय निघालाय तर जेवणाचंही बोलायला हवं, कारण घराघरांत इथेच चुकतं. डाळ, पनीर, अंडी, चिकन यांतल्या प्रथिनांची पोटात अमिनो आम्लं होतात आणि त्यांना त्याच वाहकांतून आत जायचं असतं. भरपेट वरण-भात, उसळ खाऊन लगेच गोळी घेतली तर लेवोडोपा मागे पडतं. ‘औषध कधी लागू पडतं, कधी नाही’ या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं. म्हणून गोळी सहसा जेवणाआधी अर्धा-पाऊण तास किंवा जेवणानंतर तास-दीड तासाने घ्यायला सांगतात. प्रथिनं बंद करणं हा उपाय नव्हे. आधीच वजन घटत चाललेल्या माणसाचं त्याने आणखी नुकसान होतं. वेळेचंही तसंच. लेवोडोपा रक्तात फार टिकत नाही, दीड तासात निम्मं होतं. सुरुवातीच्या वर्षांत उरलेल्या पेशी ते साठवून पुरवून वापरतात, म्हणून दिवसाला तीन गोळ्या पुरतात. पुढे साठवणारंच कुणी उरत नाही आणि माणूस घड्याळाच्या काट्यावर येतो: गोळीचा अंमल असला की चालतोय, उतरला की जागच्या जागी थिजलाय. अंमल जास्त झाला तर अंग आपोआप वळवळायला लागतं. या टप्प्यावर अर्धा तास उशीर म्हणजे अर्ध्या तासाचा उशीर नसतो, सकाळच गेलेली असते. रुग्णालयात दुसऱ्याच कारणाने दाखल झालेल्या रुग्णाची ही गोळी ‘वॉर्डच्या वेळेनुसार’ दिली जाते, तेव्हा नातेवाइकांनी भांडून का होईना पण घरची वेळ पाळायला लावावी.

डोपामिनचे उरलेले पत्ते थोडक्यात. काळ्या रेघेच्या शेजारीच पेशींचा आणखी एक गट आहे. त्याचे तंतू भावना, ओढ, बक्षिसाची अपेक्षा यांच्याशी संबंधित भागांकडे आणि कपाळामागच्या मेंदूकडे जातात. स्किझोफ्रेनियात भास आणि संशय येतात, त्यात या भागातल्या वाढलेल्या डोपामिनचा हात असतो. म्हणून क्लोरप्रोमाझिनपासून (१९५२) हॅलोपेरिडॉलपर्यंत (१९५८) सगळी जुनी औषधं डोपामिनचे रिसेप्टर अडवणारी. भास कमी होतात, पण औषधाला पत्ता वाचता येत नाही. ते स्ट्रायटममध्येही जातं आणि हात कापू लागतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीपाशी जातं, तिथे डोपामिन दुधाचं संप्रेरक दाबून ठेवत असतं. तो दाब सुटला की मूल नसलेल्या बाईच्याही स्तनांतून दूध येतं, पाळी चुकते. पेशंट लाजेने हे सांगत नाहीत आणि गोळी गुपचूप बंद करतात.

उलट दिशेनेही तेच. पार्किन्सन्ससाठी प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल दिलं, म्हणजे डोपामिनची नक्कल करणारं औषध, तर ते ओढीच्या भागातही काम करतं. आयुष्यभर काटकसरीने राहिलेले आजोबा अचानक पैसे लावून रमी खेळू लागतात, लॉटरीची तिकिटं घेतात, नको त्या वयात नको ते सुचायला लागतं. घरात याला म्हातारचळ म्हणतात आणि विषय बंद होतो. तो औषधाचा परिणाम असू शकतो आणि मात्रा कमी केल्यावर अनेकदा ओसरतो. घरच्यांनी हे न संकोचता डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं.

बाकीच्या रसायनांचीही हीच तऱ्हा, फक्त गावं निराळी. ॲसिटिलकोलिन स्ट्रायटममध्ये डोपामिनच्या विरुद्ध पारड्यात असतं, म्हणून हात कापणं कमी करायला ट्रायहेक्सिफेनिडिल देतात. ते ॲसिटिलकोलिनला अडवतं. पण हेच रसायन मोठ्या मेंदूत स्मृती आणि लक्ष सांभाळतं, आतडं आणि मूत्राशय हलवतं, तोंडाला लाळ आणतं. त्यामुळे सत्तरीपुढच्या माणसाला या गोळीने तोंड कोरडं, पोट गच्च आणि डोक्यात गोंधळ. अल्झायमरमध्ये नेमकं उलटं करतात. तिथे ॲसिटिलकोलिन घटलेलं असतं, म्हणून डोनेपेझिल देऊन त्याचे तुकडे करणारं एन्झाइम रोखतात. एकाच आजोबांना दोन डॉक्टरांकडून या दोन्ही गोळ्या चालू असल्या तर त्या एकमेकींशी भांडत बसतात.

ग्लुटामेट चेतवणारं आणि गाबा शांत करणारं, ही जोडी मेंदूत सगळीकडे आहे. फिट्स येतात तेव्हा चेतवणं बेलगाम झालेलं असतं. क्लोनाझेपाम गाबाचा जोर वाढवतं. गाबा सर्वदूर असल्याने झोपही येते, तोलही जातो, आणि वयस्कर माणसं रात्री बाथरूमला जाताना पडतात. फेनिटॉइन (१९३८ पासून) आणि कार्बामाझेपिन यांचा मार्ग वेगळा आहे, ती पेशीच्या आतली विजेची लहरच आवरतात. सेरोटोनिनवर इथे फार लिहीत नाही. एवढंच की एस्सिटालोप्रामसारखी नैराश्यावरची औषधं फटीतल्या सेरोटोनिनची साफसफाई पहिल्याच दिवसापासून रोखतात, पण मन उजळायला काही आठवडे लागतात. ‘सेरोटोनिन कमी झालं म्हणून नैराश्य’ हे सोपं गणित त्यामुळेही बसत नाही. मधल्या आठवड्यांत मेंदूत जे हळूहळू बदलतं, त्यातून गुण येतो.

जाता जाता खाजकुहिलीबद्दल, कारण ‘पार्किन्सन्सला तिचं चूर्ण चालेल का’ हा प्रश्न हमखास येतो. तिच्या बियांत खरोखरच लेवोडोपा असतं. १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते वेगळं काढून दाखवलं होतं. पण बियांच्या चूर्णात ते किती आहे हे पुडीगणिक बदलतं. आधीच सिंडोपा चालू असताना वर चमचाभर चूर्ण म्हणजे मात्रा कुणालाच माहीत नसलेलं तेच औषध.

आपल्याकडे पार्किन्सन्सची शंका आली की आधी घरातला औषधांचा डबा उघडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. चक्कर आली म्हणून सुरू झालेलं सिनारिझिन, अर्धशिशीसाठीचं फ्लुनारिझिन, ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये मिसळलेलं लेव्होसल्पिराइड, फिट्सचं व्हॅल्प्रोएट, आणि वर सांगितलेलं मेटोक्लोप्रामाइड, यांतलं प्रत्येक औषध हात कापणं किंवा मंदपणा आणू शकतं. चिठ्ठी दोन आठवड्यांची असते आणि गोळी दोन वर्षं चालू राहते, मेडिकलवाला देत राहतो. असं औषध थांबवलं की लक्षणं बहुतेकांत काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ओसरतात. डबा तसाच पिशवीत घालून न्यूरॉलॉजिस्टकडे न्यावा. कॅप्सूलचं नाव ‘गॅसची’ असं न सांगता तिच्या स्ट्रिपवरचं बारीक अक्षर त्यांना वाचू द्यावं, लेव्होसल्पिराइड तिथेच लिहिलेलं असतं. आणि खरोखरच पार्किन्सन्स असून लेवोडोपा चालू असेल, तर ते मात्र मनाने एका दिवसात बंद करू नये: अचानक थांबवल्यास अंग लाकडासारखं ताठरून ताप चढू शकतो, शुद्ध हरपू शकते, आणि अशा रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावं लागतं.